डोस उतरवताना दुखणं परत उठलं, तर गोळी वाढवायची की कळ काढायची?

पत्र :

"ताई, मी ठाण्याला नौपाड्यात राहते, वय 68, शाळेतून रिटायर झाले. गेल्या डिसेंबरात दोन्ही खांदे आणि मांड्या अशा धरल्या की सकाळी ह्यांनी हात दिल्याशिवाय पलंगावरून उठता येईना. पॉलीमायल्जिया रुमॅटिका निघालं, म्हणजे सुजेने खांदे-मांड्या आखडणारा संधिवातासारखा आजार. 15 एमजी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी मी स्वतः उठून चहा केला. मग हळूहळू 7.5 पर्यंत आले. पुढे डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की महिनाभर एक दिवस 7.5 आणि एक दिवस 5 आणि मग रोज 5. मला ते एकाआड एक लक्षात राहीना म्हणून मी सरळ 5 च सुरू केली. त्याला तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात नुसती गळून गेले, अंग मोडून आलं, चिडचिड व्हायची. मग चार-पाच दिवस बरे गेले. आता परत सकाळी खांदे जखडतात, कूस बदलताना जीव जातो. ह्यांचं म्हणणं, तेव्हा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला होता, तू उगाच मनाला लावून घेतेस. सून म्हणते सरळ परत 15 करा. शेजारच्या बाईंनी सांधेदुखीच्या पुड्या आणून दिल्यात, अजून घेतल्या नाहीत. डॉक्टरांना काहीच कळवलं नाहीये. सगळे म्हणत होते वा, 5 वर आलात, आणि आता कळवलं तर डॉक्टर परत वाढवतील. थोडी शुगर पण आहे, एक गोळी चालू आहे. पुढच्या आठवड्यात गणपती, आणि गौरी माझ्याकडेच असतात. कळ काढू का?"

उत्तर :

काकू, नका कळ काढू. आज डॉक्टरांना कळवा, गणपती झाल्यावर नाही, आजच. 15 स्वतःहून करू नका, पुड्यांना हात लावू नका, आणि हे सगळं मनाचं आहे असं तर अजिबात समजू नका. मी डॉक्टर नाही, मी स्वतः बरीच वर्षं संधिवाताची पेशंट आहे आणि स्टेरॉइड चढवणं-उतरवणं दोन्ही सोसलंय, त्यामुळे तुम्ही लिहिलेला शब्द न शब्द मला ओळखीचा वाटला. गोळी किती ते तुमचे रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांना नीट सांगता यावं म्हणून आधी आपण दोघी मिळून बघू की हे चाललंय काय.

तुम्ही तीन आठवडे म्हणता ना, ते तीन आठवडे एकसारखे नाहीयेत, आणि सगळी गंमत तिथेच आहे. पहिला आठवडा वेगळा होता. डोस कमी केल्या केल्या लगेच एक-दोन दिवसांत अंग मोडून आलं, गळून गेलात, चिडचिड झाली, आणि मग ते आपोआप ओसरलं. हे बहुतेक आजार परत आल्याचं नव्हतं, शरीराला गोळीची सवय झालेली असते ती सुटतानाचा त्रास होता. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात, साधारण 5 एमजी प्रेडनिसोलोनच्या आसपास भरेल एवढं. आता गेले आठ-नऊ महिने घरात रोज बाहेरून डबा येतोय म्हटल्यावर चूल कोण पेटवणार? त्या ग्रंथींनी काम जवळजवळ थांबवलेलं असतं. 15 वरून 12.5 वर येताना हे जाणवत नाही कारण डबा तरी पुरेसा असतो, पण 7.5 च्या खाली उतरलं की शरीराला स्वतःची चूल पेटवावी लागते आणि ती पेटायला आठवडे, कधीकधी महिने लागतात. म्हणून 5 च्या आसपास आल्यावर खूप जणांना असं गळल्यासारखं होतं, सगळं अंग थोडं थोडं दुखतं, कुठे एका जागी बोट ठेवता येत नाही, दुपारी तर नुसतं पडून राहावंसं वाटतं. हा त्रास साधारण आठवडा-दोन आठवड्यांत कमी होत जातो. कमी होत जातो, हे लक्षात ठेवा.

आत्ताचा आठवडा मात्र मला वेगळा दिसतोय. चार-पाच दिवस बरे गेले, आणि मग दुखणं परत आलं, आणि आलं ते नेमकं जुन्या जागी. दोन्ही खांदे, एक नाही. सकाळीच जास्त. कूस बदलताना. तुम्ही डिसेंबरबद्दल जे लिहिलंत आणि आत्ताबद्दल जे लिहिलंत ते शेजारी शेजारी ठेवून वाचा, तेच दुखणं आहे, फक्त अजून तेवढं वाढलेलं नाही. आजार परत उठतो तेव्हा तो बहुधा असाच येतो, डोस कमी केल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही तर दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, आणि एकदम न येता रोज थोडा थोडा पुढे सरकतो. काल केस विंचरताना हात वर गेला होता, आज कानापर्यंतच गेला. परवा गॅलरीतल्या वरच्या दोरीवर साडी टाकता येत होती, आज खालच्या दोरीवर टाकली आणि स्वतःलाच सांगितलं की वर ऊन येत नाही. बायका असं करतात काकू, मी बघितलंय, दुखणं मान्य करायच्या आधी घरातल्या वस्तू खाली आणून ठेवतात, डबे खालच्या फळीवर येतात, वरची कडी लावायचं काम दुसऱ्या कुणाकडे जातं. तुमच्या घरात गेल्या आठ दिवसांत काय काय खाली आलं ते जरा आठवून बघा, ते रिपोर्टपेक्षा जास्त खरं सांगेल.

आणि सकाळी घड्याळ लावून बघा. डोळे उघडल्यापासून हातपाय मोकळे व्हायला किती मिनिटं लागतात? दहा-पंधरा मिनिटं तर आपल्या वयात कुणालाही लागतात. डॉक्टर या आजारात पाऊण तासाच्या वरच्या कडकपणाला महत्त्व देतात. बाथरूमला जाऊन आलात, चहा झाला, पेपर चाळून झाला तरी खांदा सुटला नसेल तर ते लिहून ठेवायचं.

आता बाकीच्या शक्यता. सगळं दुखणं या आजाराचं नसतं, आणि डोस उतरवत असलेला माणूस साधी शीर चढली तरी घाबरतो, मलाही व्हायचं तसं. कामाने दुखतं ते साधारण काम केल्यावर दुखतं, एका बाजूला जास्त, आणि आराम केला की उतरतं. तुमचं उलट आहे, रात्रभर आराम झाल्यावर वाढतं आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू सुटतं. शुगर असलेल्यांचा खांदा कधीकधी असाच गोठतो पण बहुधा एकच, आणि दुसऱ्या कुणी हात उचलून दिला तरी तो वर जात नाही. स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू अशक्त होतात तेव्हा खुर्चीतून उठताना हातांचा जोर लागतो, जिना जड जातो पण दुखत मात्र फारसं नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही सांगा, तिने स्नायू दुखू शकतात. आणि हा पावसाळा आहे, ताप आला असेल, मनगटं, बोटं, घोटे सुजले असतील तर तो चिकनगुनियाही असू शकतो, तेव्हा तापाचं वेगळं तपासायचं, ते सगळं पॉलीमायल्जियाच्या खात्यात टाकायचं नाही. तुम्ही तापाबद्दल काही लिहिलं नाही म्हणून मी नाही असं धरलंय.

काकांच्या रिपोर्टबद्दल. काकांना तुमची काळजी आहे म्हणूनच ते कागदाला धरून बसलेत, पण तो रिपोर्ट तुम्ही म्हणता "तेव्हा"चा, म्हणजे पहिल्या आठवड्यातला, बरोबर? तेव्हा आजार उठलाच नव्हता तर सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, वाढेल कुठून. आत्ता परत करायला सांगतील डॉक्टर, सीआरपी आणि तशीच सूज दाखवणारी दुसरी तपासणी ईएसआर, दोन्ही, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण एक लॅब सीआरपी 6 एमजी पर लिटर असा देते आणि दुसरी तोच आकडा 0.6 एमजी पर डेसिलिटर असा देते, आणि घरात उगाच दहापट वाढलं किंवा दहापट उतरलं म्हणून गोंधळ होतो. ईएसआर तर वयाबरोबर वाढतोच, बायकांसाठी एक ढोबळ हिशोब असा की वयात 10 मिळवायचे आणि निम्मे करायचे, म्हणजे 68 व्या वर्षी 39 पर्यंत चालतं, त्यात रक्त कमी असेल तरी तो वाढतो. मुद्दा असा की आकडा एकटा काही ठरवत नाही. आकडा वाढला पण तुम्ही ठणठणीत असाल तर नुसत्या आकड्यासाठी डॉक्टर सहसा लगेच गोळी वाढवत नाहीत, आणि आकडा बरा असूनही आजार उठलेला असू शकतो, विशेषतः आधीच स्टेरॉइड पोटात असताना. काकांना हे वाचून दाखवा, आणि एक दिवस पहाटे उठून तुम्ही कूस बदलताना नुसतं बघायला सांगा.

आता ते एकाआड एकचं. डॉक्टरांनी उगाच नव्हतं लिहून दिलं. 15 वरून 12.5 वर आलात तेव्हा सहावा हिस्सा कमी झाला, पण 7.5 वरून एकदम 5 म्हणजे तिसरा हिस्सा गेला, गोळी तेवढीच, 2.5 चीच, पण शरीराला धक्का दुप्पट. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी 2015 मध्ये मिळून या आजारासाठी ज्या शिफारशी काढल्या त्यात हेच आहे, 10 पर्यंत आल्यावर पुढे दर 4 आठवड्यांनी फक्त 1 एमजी उतरायचं, आणि तेवढी छोटी गोळी नसेल तर 1.25 ने उतरायचं, म्हणजे एक दिवस 10 आणि एक दिवस 7.5 अशा पद्धतीने. आपल्याकडे केमिस्टकडे 5 आणि 2.5 सहज मिळते, 1 ची प्रत्येक ठिकाणी नसते, म्हणून डॉक्टर असं एकाआड एक बसवून देतात. लक्षात राहत नाही हे अगदी खरं आहे, यात तुमची काही चूक नाही, हा प्रकार कुणालाही अवघडच जातो. सम तारखेला ही आणि विषम तारखेला ती असं काही जण करतात पण 31 नंतर 1 तारीख येते, दोन्ही विषम, तिथे घोळ होतो. त्यापेक्षा महिना सुरू व्हायच्या आधी एका दुपारी बसून भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या प्रत्येक चौकोनात, जिथे आपण दुधाचा हिशोब लिहितो ना, तिथेच पेनने त्या दिवसाचा डोस लिहून टाकायचा, 7.5, 5, 7.5, 5, आणि गोळी घेतली की त्यावर टिक. त्याच चौकोनात सकाळी किती मिनिटं आखडलं होतं तो आकडा. बास, एवढीच डायरी पुरते, वेगळी वही घातली की ती चार दिवसांत मागे पडते. दोन महिन्यांनी तीच पानं फोटो काढून डॉक्टरांना दाखवली तर त्यांना तुमचा सगळा प्रवास एका नजरेत कळतो.

सूनबाई 15 म्हणते तेही मायेपोटीच, तुम्हाला तिसऱ्या दिवशी चहा करताना तिने बघितलंय. पण प्रत्येक फ्लेअर, म्हणजे दुखणं परत उठणं, काही पहिल्या पायरीवर नेत नाही. त्याच शिफारशींमध्ये असं आहे की दुखणं उठलं तर ज्या डोसवर शेवटचं बरं होतं त्या डोसवर परत जायचं, तुमच्या बाबतीत बहुधा 7.5, आणि मग तिथून 4 ते 8 आठवड्यांत सावकाश परत त्या डोसपर्यंत यायचं जिथे ते उठलं होतं. म्हणजे तुम्ही समजताय तसं काही सगळं धुऊन गेलेलं नाही, एकच पायरी वर. अर्थात तुमच्या डॉक्टरांना तपासून वेगळं वाटलं तर ते वेगळं सांगतील. आणि सारखंच असं होत राहिलं तर ते जोडीला मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या दुसऱ्या औषधाचा विचार करतात, ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे कधी सुरू झालीच तर कालनिर्णयावर तो वार लाल पेनाने. नवीन इंजेक्शनंही आहेत, सॅरिल्युमॅबला अमेरिकेत 2023 मध्ये याच आजारासाठी मान्यता मिळाली, पण तुमची गाडी अजून तिथपर्यंत गेलेली नाहीये.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य म्हणजे "डॉक्टरांना काहीच कळवलं नाहीये." काकू, डोस उतरवणं ही काही परीक्षा नाही की 5 वर आलात म्हणजे पास आणि परत 7.5 वर गेलात म्हणजे नापास. शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला हे सांगणं सोपं नाही ते मला माहितीये. पण या आजारात जवळजवळ निम्म्या लोकांना उतरताना कधी ना कधी दुखणं उठतंच, आणि औषध वर्ष-दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त लागतं. ही गोष्ट औषधाइतकीच जुनी आहे. 1948 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला डॉ. फिलिप हेंच यांनी पहिल्यांदा संधिवाताच्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, जिला धड चालता येत नव्हतं ती काही दिवसांत चालायला लागली, सगळे थक्क झाले, दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. पण त्या पहिल्या पेशंट लोकांचंही औषध थांबवलं की दुखणं परत यायचं. तेव्हापासून आजपर्यंत डॉक्टर मंडळी उतरायचा वेगच शोधतायत. तुमचं दुखणं परत आलं ते तुमच्या मनाच्या कमकुवतपणामुळे नाही.

आणि हो, स्टेरॉइडची भीती. ती खोटी नाही. हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते, बीपी, मोतीबिंदू, सगळं खरं आहे, आणि म्हणूनच उतरायचं असतं. पण त्याचा बंदोबस्त करता येतो. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू आहे का, हाडांची डेक्सा स्कॅन झाली का, हे दोन प्रश्न या वेळी विचाराच. शुगरचं एक लक्षात ठेवा, प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की त्याचा परिणाम दुपारच्या जेवणानंतर ते संध्याकाळपर्यंत दिसतो, उपाशीपोटीची शुगर छान येते आणि आपण निर्धास्त होतो, तेव्हा परत 7.5 झालं तर काही दिवस दुपारी जेवणानंतर दोन तासांनी बघा आणि शुगरच्या डॉक्टरांनाही कळवा. थोडं वाढलेलं औषध ठरावीक दिवसांसाठी घेणं आणि महिनोन्‌महिने दुखणं दाबून हालचालच बंद करणं, यात हाडांचं आणि स्नायूंचं नुकसान कशाने जास्त होतं ते तुम्हीच बघा, तलावपाळीची तुमची संध्याकाळची फेरी बंद पडली असेल तर ती आधी परत सुरू व्हायला हवी.

दोन गोष्टी अशा आहेत ज्यात फोनची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. पहिली डोळ्यांची आणि डोक्याची. या आजाराचा एक सख्खा भाऊ आहे, त्यात डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. नवीनच सुरू झालेली डोकेदुखी, खास करून कानशिलाला, कंगवा लागला तरी डोक्याची कातडी दुखणं, पोळी-भाकरी चावताना जबडा दुखून येणं आणि थांबलं की बरं वाटणं, एकाच्या जागी दोन दिसणं किंवा एका डोळ्यावर पडदा आल्यासारखं होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जायचं, रात्र काढायची नाही, कारण गेलेली दृष्टी बहुतेक वेळा परत येत नाही आणि वेळेवर मोठा डोस मिळाला तर ती वाचते. दुसरी गोष्ट उलट्यांची. सारख्या उलट्या होतायत, गोळी पोटात राहत नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, बीपी पडतंय, बोलण्यात गोंधळ होतोय, तर ती त्या ग्रंथींची आणीबाणी असू शकते. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं की मी कित्येक महिने प्रेडनिसोलोनवर आहे, मग ते हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन देतात. पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा, नाव, औषध, डोस, कधीपासून. आणि डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा की ताप आला किंवा दात काढायचा असला तर डोसचं काय करायचं, कारण अशा वेळी शरीराला जास्त लागतं आणि डॉक्टर बहुतेकदा थोडे दिवस वाढवून देतात. या सगळ्यातून एक सरळ नियम निघतो, गोळी कधीही एकदम बंद करायची नाही, दुखत नसलं तरी, पाकीट संपलं तरी, गावाला गेलात तरी.

पुड्या परत देऊन टाका. शेजारणीला वाईट वाटेल, वाटू दे. अशा बिनलेबलच्या सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत, आणि म्हणूनच त्या घेतल्या की दोन दिवसांत "गुण" येतो. तुम्ही एकीकडे मोजून मोजून 2.5 उतरवणार आणि दुसरीकडे पुडीतून किती पोटात जातंय कुणालाच माहीत नाही, मग डॉक्टर तरी काय हिशोब लावणार. तसंच केमिस्टकडून स्वतःहून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका, प्रेडनिसोलोनच्या जोडीला ती पोटात अल्सर करू शकतात आणि शुगर असताना किडनीलाही बरी नाहीत. शिवाय या आजाराला त्यांचा फारसा उपयोगही होत नाही.

राहिले गणपती. आधी हरतालिका येते. तुम्ही निर्जळी करत असाल तर या वर्षी करू नका. प्रेडनिसोलोन खाऊन झाल्यावर घ्यायचं असतं, चुकवायचं नसतं, त्यात शुगरची गोळी, वर पाणी नाही, हे सगळं एका अंगाला झेपायचं नाही. देवीला फुलं वाहा, पूजा करा, आणि नाश्ता करून गोळी घ्या. मी स्वतः श्रद्धेने उपास करणारी आहे म्हणून हे हलकं समजून सांगत नाहीये.

गौरी तुमच्याकडे असतात म्हणजे साडी नेसवणं, मुखवटे, पुरणावरणाचा स्वयंपाक, माळ्यावरून पितळेची भांडी काढणं. हात खांद्याच्या वर नेऊन करायचं एकही काम या वर्षी तुमचं नाही. भांडी मुलाला काढू दे, गौरी सुनेला नेसवू दे, तुम्ही खुर्चीवर बसून तिला निऱ्या कशा घ्यायच्या ते सांगा, ती पुढे आयुष्यभर नेसवणारच आहे. उकडीचे मोदक नौपाड्यात घरगुती ऑर्डरवर हवे तेवढे मिळतात, नैवेद्यापुरते पाच घरी करा बाकीचे आणा. पण दिवसभर नुसतं बसूनही राहू नका, बसून राहिलं की या आजारात जास्त आखडतं, अर्ध्या-पाऊण तासाने उठून घरातल्या घरात चक्कर. सकाळी गरम पाण्याने अंघोळ करून खांदे हळू हळू फिरवले की दिवस जरा लवकर सुरू होतो. आणि एक नक्की, सणाच्या, प्रवासाच्या, घरात लग्नकार्य असेल त्या आठवड्यात पुढचा डोस उतरवायला घ्यायचा नाही. दुखलं तर ते कामाने दुखलं की डोसने ते कळतच नाही. डॉक्टर पुढची तारीख ठरवतील तेव्हा त्यांना सांगा की आमच्याकडे नवरात्र आहे, दिवाळी आहे, मधला एखादा रिकामा आठवडा बघून सुरू करू. मी सांगायला लागले तेव्हापासून माझे डॉक्टर तारीख देताना स्वतःच विचारतात की घरात काही कार्य आहे का.

फोनवर काय बोलायचं ते सुचत नसेल तर हा मेसेज तसाच पाठवा, आकडे तेवढे बघून घ्या : "नमस्कार डॉक्टर, मी पॉलीमायल्जियाची पेशंट, वय 68. तुम्ही 7.5 आणि 5 एकाआड एक सांगितलं होतं, माझ्याकडून तीन आठवड्यांपूर्वी थेट रोज 5 सुरू झालं. पहिला आठवडा थकवा आणि अंगदुखी होती, ती कमी झाली. आता दोन्ही खांद्यांत सकाळी डिसेंबरसारखा कडकपणा आहे, अमुक मिनिटं टिकतो. ताप नाही, डोकेदुखी नाही, दिसायला त्रास नाही. डोसचं काय करू आणि सीआरपी, ईएसआर कधी करू?" शेवटून दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा, त्यातलं काही होत असेल तर मेसेज न टाकता सरळ हॉस्पिटल गाठा. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर उद्या सकाळी अपॉइंटमेंट नसली तरी ओपीडीत जाऊन बसा, सुनेला सोबत न्या, आणि कालनिर्णयाचं पान बरोबर घ्या. तोपर्यंत आजची 5 ची गोळी नेहमीच्या वेळेला, नाश्त्यानंतर.